गवयाची सालदारी सोडणारा माणूस : विष्णू दिगंबर पलुसकर

रावेर : सावदा असो, फैजपूर असो की भुसावळ, पेटी-तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या पोराला विचारा, कोणती परीक्षा देतोस, तर तो गांधर्वची म्हणून सांगतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही नावं आता गावातल्या पालकांनाही पाठ झाली आहेत. नियमात बसलं तर दहावीला वाढीव कलागुण मिळतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण हे गांधर्व म्हणजे नेमकं कोण, यात मात्र घोळ असतो. कुणी बालगंधर्व म्हणतं, कुणी कुमार गंधर्व. दोघांपैकी कुणाच्याही नावावरून हे नाव आलेलं नाही. ते आलं आहे लाहोरला ५ मे १९०१ रोजी उघडलेल्या गांधर्व महाविद्यालयावरून. ते उघडणारे पंडित विष्णू दिगंबर पलुसकर. त्यांची जयंती १८ ऑगस्टला आणि पुण्यतिथी २१ ऑगस्टला, एकाच आठवड्यात येते.

पलुसकर मोठे गवई होते, हे पुस्तकात असतंच. इथं सांगायची आहे ती दुसरी गोष्ट. कुणाची चाकरी न करता, गाणं शिकवून पोट भरता येतं का, आणि आपलंच नव्हे तर दहा-वीस जणांचं भरता येतं का, हा प्रश्न या माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी अंगावर घेतला. त्यात तो बऱ्यापैकी जिंकला आणि एका ठिकाणी सपशेल हरला. दोन्ही समजून घेण्यासारखं आहे. कारण आज तालुक्याच्या गावात भाड्याच्या खोलीत क्लास चालवणाऱ्या प्रत्येक संगीत शिक्षकापुढं, चित्रकला किंवा नृत्य शिकवणाऱ्यापुढंही, तोच प्रश्न उभा आहे.

कीर्तनकाराचा मुलगा

विष्णूचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. आज हे गाव कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात येतं, तेव्हा ते पटवर्धनांचं छोटं संस्थान होतं. मूळ आडनाव गाडगीळ, पण घराणं पलूस गावचं म्हणून पलुसकर झालं. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. कीर्तनकाराच्या घरचा हिशेब आपल्याकडं वेगळा सांगायला नको. हरिनाम सप्ताह लागला की चार दिवस बरे, नाहीतर बिदागीची वाट बघायची. विष्णू लहानपणापासून वडिलांच्या मागं उभा राहून गायचा. शाळेतही बरा होता. सगळं सुरळीत चाललं असतं तर कदाचित इंग्रजी शिकून नोकरीला लागला असता.

पण दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि डोळे भाजले. उपचारासाठी मिरजेला नेलं. नजर पूर्ण गेली नाही, पण वाचन-लेखनाचं शिक्षण पुढं नेता येईल इतकी ती उरली नाही. जी वाट उरली ती गाण्याची. मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे हेच ते बुवा. मिरजेच्या राजेसाहेबांनी मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय केली आणि विष्णू बुवांकडं शिकू लागला. दहा-बारा वर्षं शिकला. त्या काळचं शिकणं म्हणजे गुरूच्या घरी पाणी भरण्यापासून सगळं आलं. गुरूची मर्जी असेल तेव्हा तालीम, नसेल तेव्हा नाही. पुस्तक नाही, वेळापत्रक नाही, आणि आज काय शिकायचं हे विचारायची सोय तर अजिबात नाही.

सालदार आणि गवई

आपल्याकडं आखाजीला सालदार ठरतो. वर्षाचे पैसे ठरले, धान्य-कपडा ठरला, की पुढच्या आखाजीपर्यंत तो त्या मालकाचा. दरबारी गवयाचं फारसं वेगळं नव्हतं. फक्त अंगावर शेला असायचा. राजाच्या मनात आलं की गायचं. पाहुणे आले की गायचं. राजा बदलला किंवा त्याची आवड बदलली की पगार बंद. चांगला राजा मिळाला तर आयुष्य सुखात जाई, हेही खरं. मिरजेचे राजे चांगलेच होते.

तरीही पलुसकर १८९६ साली मिरज सोडून निघाले. त्यामागची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण सगळ्या प्रतिष्ठितांना गेलं, राजाश्रय म्हणून पलुसकरांनाही आलं, पण त्यांच्या गुरूंना किंवा इतर गवयांना नव्हतं. गवई म्हणजे प्रतिष्ठित माणूस नव्हे, असा त्याचा अर्थ. गोष्टीतले बारकावे काहीही असोत, त्यांच्या पुढच्या प्रत्येक निर्णयात हा सल दिसतो. आणि सल नुसता मानापमानाचा नव्हता. ज्याला समाज मान देत नाही त्याला पैसेही देत नाही, दिलेच तर खुशालीचे म्हणून देतो, हक्काचे म्हणून नाही. हे त्यांनी चोविसाव्या वर्षी ओळखलं होतं.

आधी सातारा, मग बडोदा. बडोद्याला सयाजीरावांच्या राज्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये संगीत शाळा काढली होती, पण ती संस्थानच्या पैशावर. बडोद्यात पलुसकरांचं गाणं आवडलं, राहायला सांगणारेही भेटले. ते राहिले नाहीत. पुढं काठियावाडात त्यांनी एक वेगळंच काम केलं. तिकीट लावून जाहीर मैफल केली. ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे त्यानं यावं, बसावं, ऐकावं. आज ऑर्केस्ट्राचं तिकीट काढणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण शास्त्रीय गाणं राजवाड्यात नाहीतर श्रीमंताच्या दिवाणखान्यात ऐकायचं, अशा काळात कापडवाला, कारकून, शाळामास्तर एका सतरंजीवर बसून पैसे मोजून गाणं ऐकतात, ही मोठी उलथापालथ होती. एका मालकाऐवजी दोनशे गिऱ्हाइकं. त्यातले दहा रुसले तरी गवयाची चूल विझत नाही.

पुढं ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब असा प्रवास चालू राहिला. मथुरेला ते मुद्दाम थांबले, कारण बंदिशी ब्रज भाषेतल्या आणि ते मराठी माणूस. जे शिकवायचं त्याची भाषा नीट यायला हवी म्हणून तिथं त्यांनी ब्रज शिकून घेतली. गावोगाव मैफली करत १९०१ च्या सुमारास ते लाहोरला पोहोचले. शहर मोठं होतं. कॉलेजं होती, वर्तमानपत्रं होती, आर्य समाजाच्या आणि सनातन धर्माच्या सभा भरत होत्या. पगार घेणारा, मुलांना चार गोष्टी याव्यात असं वाटणारा मध्यमवर्ग होता. फी भरू शकेल असा पालक जिथं आहे तिथं शाळा काढायची, हे त्यांनी नीट हेरलं होतं.

रिकामी शाळा

शाळा उघडली आणि विद्यार्थीच आले नाहीत. नवा क्लास काढणाऱ्या कुणालाही हे दिवस माहीत असतात. फलक लागला, भाडं सुरू झालं, आणि दारात कुणी नाही. पलुसकर रोज ठरलेल्या वेळी शाळा उघडायचे, तंबोरा लावायचे आणि एकटेच गात बसायचे. शाळेची वेळ संपली की बंद करायचे. वेळ त्यांनी कधी बदलली नाही. हळूहळू लोक डोकावू लागले, शहरातली वजनदार माणसं येऊन गेली, आणि काही महिन्यांत विद्यार्थ्यांची संख्या शंभराच्या पुढं गेली.

ही संख्या नुसत्या चिकाटीनं आली नाही. या शाळेत जे होतं ते दुसरीकडं नव्हतं. इयत्ता होत्या, वेळापत्रक होतं. अमुक महिन्यांत अमुक राग, अमुक ताल होणार, हे पालकाला आधी सांगता येत होतं. परीक्षा होती आणि पास झाल्याचा कागद होता. मुलींसाठी, बायकांसाठी वर्ग निघाले. बंदिशींमधले शृंगाराचे शब्द काढून त्यांनी भक्तीचे शब्द घातले. यावर जाणकारांनी नाकं मुरडली आणि गाण्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यांची तक्रार अगदीच चूक नव्हती. पण घरंदाज घरातली मुलगी गाणं शिकायला येण्यातली पहिली अडचण त्यामुळं दूर झाली. शाळेत व्यसनाला थारा नव्हता. विद्यार्थ्यानं नीटनेटकं यायचं, वेळेवर यायचं, प्रार्थनेनं सुरुवात करायची. गवई म्हटला की अफू-गांजा आणि बेशिस्त, हे लोकांच्या डोक्यातलं चित्र त्यांना पुसायचं होतं. ते पुसल्याशिवाय फी मिळणार नव्हती.

चार बाजूंनी पैसा

आता हिशेबाचं बोलू. नुसत्या फीवर शाळा चालली नाही, आणि चालणारही नव्हती. ज्याला परवडेल असा विद्यार्थी फी भरायचा. पण शाळेत दुसरा एक वर्ग होता, उपदेशक वर्ग. यात गरीब पण हुशार मुलं निवडून घेतली जायची. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं शाळेकडून. बदल्यात मुलानं ठरलेली वर्षं थांबायचं, करारानं थांबायचं, वरचं शिकत शिकत खालच्या वर्गांना शिकवायचं. म्हणजे गुरुकुल तेच, पण त्यातून शिक्षक तयार व्हायचे. शाळेला पगारी मास्तर फार ठेवावे लागले नाहीत. मुलांच्या बाजूनं पाहिलं तर करार कडक होता. मात्र करार संपल्यावर मुलाच्या हातात नुसतं गाणं नव्हतं, शिकवण्याचा धंदाही होता. दरबारातल्या उस्तादाच्या शिष्याला हे दुसरं मिळत नसे.

दुसरी बाजू पुस्तकांची. पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत. तिच्यात मुलांसाठी छोटी छोटी पुस्तकं काढली, ‘संगीत बालप्रकाश’ वगैरे. ती छापायला बाहेर पैसे का घालवायचे म्हणून स्वतःचा छापखानाच टाकला. ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचं मासिक चालवलं. तिसरी बाजू वाद्यांची. तंबोरा, पेटी, सतार दुरुस्त करणं, तयार करणं, विकणं यासाठी कारखाना काढला. जो शिकायला येईल त्याला वाद्य लागणारच, पुस्तक लागणारच. मग ते त्यानं शाळेतूनच घ्यावं.

चौथी आणि सर्वात मोठी बाजू त्यांच्या स्वतःच्या मैफलींची. वर्षातले कितीतरी महिने ते गावोगाव गात फिरायचे आणि मिळेल ते शाळेत आणून ओतायचे. राजे-महाराजांकडून देणग्याही घेतल्या. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, कारण देणगी शाळेला होती आणि ते कुणाच्या पदरी नव्हते.

त्याच काळात संगीताची मांडणी करणारे दुसरे मोठे मराठी नाव म्हणजे विष्णू नारायण भातखंडे. ते वकील. गाण्यातून पैसा मिळवायची त्यांना गरज नव्हती, म्हणून ग्रंथ लिहायला, देशभर फिरून बंदिशी गोळा करायला ते मोकळे होते. अभ्यासाच्या बाजूनं भातखंड्यांचं काम अधिक भक्कम ठरलं, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण दोघांची तुलना करताना हे विसरलं जातं, की पलुसकरांना महिन्याच्या शेवटी पन्नास तोंडांच्या जेवणाची सोय बघायची होती.

मुंबईची इमारत

१९०८ मध्ये पलुसकरांनी मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि मुक्काम तिकडं हलवला. मुंबईत प्रतिसाद दणदणीत मिळाला. गुजराती, पारशी, मराठी, सगळ्या घरांतून मुलं-मुली येऊ लागल्या. जागा पुरेना. भाड्याच्या जागेत किती दिवस राहायचं, असं वाटणं साहजिकच. सँडहर्स्ट रोडला शाळेची स्वतःची मोठी इमारत उभी राहिली. पैसा कर्जाचा होता.

इथून गाडी घसरायला लागली. कर्जाचा हप्ता दरमहा ठरलेला आणि उत्पन्न मात्र एका माणसाच्या गळ्यावर. फी, पुस्तकं, वाद्यं यातून शाळेचा रोजचा खर्च कसाबसा निघायचा, इमारतीचं कर्ज फिटायचं ते मैफलींतून. म्हणजे पलुसकरांनी वर्षभर गात फिरलंच पाहिजे. आजारी पडायचं नाही, थकायचं नाही, मन दुसरीकडं वळवायचं नाही. केळीवर सगळं कर्ज काढून बसलेल्या शेतकऱ्याची मे-जूनच्या वादळात काय गत होते, ते रावेर तालुक्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. चार पिकं घेणाऱ्यानं कर्ज मात्र एकाच पिकावर काढावं, तसं झालं.

आणि मन दुसरीकडं वळलंच. घरात एकामागून एक मुलं गेली. बारा अपत्यांपैकी शेवटचा दत्तात्रय तेवढा राहिला, तो १९२१ चा. पलुसकर रामभक्तीकडं वळले. भगवी वस्त्रं घेतली, तुलसीदासांचं रामायण गाऊ लागले. रामधून ते हजारो लोकांकडून एकदम गाऊन घ्यायचे. काँग्रेसच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गायचे. (आपल्या फैजपूरचं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरातलं. तोवर त्यांना जाऊन पाच वर्षं झाली होती.) या सगळ्यात नाव वाढलं, पण त्यातून कर्जाचा हप्ता निघत नव्हता. सावकार थांबले नाहीत. शेवटी १९२४ च्या सुमारास इमारत लिलावात गेली. पंधरा-सोळा वर्षांची मुंबईतली मेहनत, आणि डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या नावावर.

पलुसकर नाशिकला पंचवटीत रामनाम आधार आश्रमात राहिले. काही शिष्य तिथंही बरोबर होते. तब्येत ढासळत गेली आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. वय ५९. मुलगा दत्तात्रय दहा वर्षांचा.

शिष्यांनी काय केलं

इमारत गेली म्हणून शाळा संपली असं अनेकांना वाटलं असेल. पण उपदेशक वर्गातून तयार झालेली माणसं तोवर देशभर पसरली होती आणि त्यांना इमारतीची गरज नव्हती. एक खोली, एक पेटी, तबल्याची जोडी आणि पलुसकरांचा अभ्यासक्रम एवढ्यावर त्यांचं काम सुरू होत असे.

बी. आर. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत स्वतःची शाळा काढली. कुमार गंधर्व याच देवधरांकडं शिकले, म्हणजे सुरुवातीच्या घोळात तेवढं तथ्य आहे. विनायकराव पटवर्धनांनी आधी बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत काम केलं. गुरूला नाटकाचं वावडं, पण विनायकरावांच्या संसाराला त्या पगाराचा आधार होता. मग १९३२ मध्ये त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. नारायणराव व्यास ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळं घराघरांत पोहोचले आणि दादरला शाळाही चालवू लागले. तबकडीनं विद्यार्थी आणले आणि विद्यार्थ्यांनी बारमाही उत्पन्न. ओंकारनाथ ठाकुरांना गुरूंनी विशीतच लाहोरच्या शाळेचा प्राचार्य केलं होतं. पुढं ते मैफलींतले राजे झाले आणि १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं महाविद्यालय उभं करायला गेले.

यातल्या कुणीही गुरूची नक्कल केली नाही. सगळ्यांनी मैफल आणि शिकवणं दोन्ही धरून ठेवलं, पण प्रत्येकानं झेपेल एवढाच पसारा मांडला. एकट्याच्या गळ्यावर डोंगराएवढं कर्ज काढायचं नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पलुसकर गेले त्याच वर्षी, १९३१ च्या अखेरीस, शिष्य अहमदाबादला जमले आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झालं. पुढं अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, आणि केंद्रं गावोगावी अशी रचना झाली. शिक्षक कुठलाही असो, खोली कुणाचीही असो, परीक्षेचा कागद सगळीकडं सारखा. त्यामुळं तालुक्याच्या गावातल्या एकट्या शिक्षकालाही पालकासमोर ठामपणे फी सांगता येऊ लागली. मोठ्या घराण्याचा शिक्का नसला तरी शिकवलेलं पोर परीक्षेत पास होतं, एवढं दाखवता आलं. या परीक्षांतून कलाकार किती निघाले, असा टोमणा नेहमी मारला जातो आणि त्यात दम आहे. घोकून विशारद झालेले कमी नाहीत. पण पलुसकरांचा रोख मुळात तानसेन तयार करण्यावर नव्हता, कानसेन तयार करण्यावर होता. ऐकणारा तयार झाला तरच तिकीट खपतं आणि पुढच्या पिढीतला मुलगा क्लासला येतो.

वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा असलेला दत्तात्रय या शिष्यांच्याच हाताखाली शिकला. तोच पुढं डी. व्ही. पलुसकर म्हणून देशभर गाजला, पण १९५५ मध्ये ऐन उमेदीत गेला. फाळणीनंतर लाहोर सीमेपलीकडं राहिलं. सँडहर्स्ट रोडची इमारत आधीच गेली होती. मंडळाच्या परीक्षा मात्र आजही वर्षातून दोन वेळा, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास होतात. त्यांचा परीक्षा विभाग मिरजेत आहे, १८९६ साली पलुसकर जे गाव सोडून निघाले होते तिथंच.